मामांची उणे शिल्लक

ओव्हरड्राफ्ट या विषयावर बोलता बोलता मध्येच थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही. कारण या विषयावर बोलणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला, आणि तो थांबत नाही. हे माझ्या बायकोचे मामा. गिरगावातल्या एका छोट्या सहकारी बँकेत त्यांनी तीस वर्षं ओव्हरड्राफ्टच्या टेबलाशी काढली. टेबलाशी 'बसून' असं म्हणवत नाही, कारण मामा बसत नाहीत. दोन घासांच्या मध्ये ते उठून पंख्याचा वेग बदलतात आणि पुढच्या दोन घासांनंतर तो पूर्ववत करतात. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी आचाऱ्याला गाठून कर्ज आणि ओव्हरड्राफ्ट यांतला फरक समजावला होता. "कर्ज म्हणजे बँक एकदम ताटात वाढते. खा नाहीतर टाका, व्याज सगळ्यावर. ओव्हरड्राफ्टमध्ये ती भांडंच समोर ठेवते. शिल्लक संपली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत घ्या. जेवढं घेतलं तेवढ्यावर, तेवढ्याच दिवसांचं व्याज. परत आणून ठेवलंत की पुन्हा घ्यायला मोकळे." आचाऱ्याला वाटलं, वधूपक्ष आता जिलब्या मोजणार.

याला मराठीत 'अधिकर्ष' म्हणतात, हे मला मामांकडून कळलं. बँकेत ते आग्रहाने हाच शब्द वापरत, आणि तो ऐकून काही खातेदार पैसे न मागताच घरी गेले असावेत. 'खातं मायनसमध्ये गेलं' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "गेलं नाही, बँकेनं जाऊ दिलं! परवानगी आहे ती. त्यात लाज कसली?" स्वतः मामांनी ही परवानगी कधी मागितली नाही. एकटा माणूस, एक खोली, एक मुदत ठेव, आणि पासबुकात जन्मात कधी उणे चिन्ह नाही.

मग लालबागच्या मावशींची वेळ आली. मावशी ही मामांची धाकटी बहीण. त्यांचं मसाले कुटून द्यायचं दुकान आहे. मावशींचे यजमान गेले आणि मिरचीच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली. शिमग्याआधी मिरची भरली नाही, तर वर्षाचा मसाला करायला येणाऱ्या बायका समोरच्या दुकानात जाणार आणि पुन्हा फिरकणार नाहीत. "एक सीझन चुकला की शटर खाली, दादा," मावशी म्हणाल्या. मामांनी आपली मुदत ठेव तारण देऊन मावशींच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेऊन दिला.

"मायनस दिसेल ना रे?"

"दिसू दे! लाज कसली?"

मिरचीची पोती आली, पासबुकात उणे छापून आलं, आणि मामांचं चित्त थाऱ्यावर राहीना. रोज सकाळी ते गिरगावाहून लालबागला जायचे, मावशींचं पासबुक बँकेत छापून आणायचे आणि दुकानातली पोती मोजायचे. "हलली का गं मिरची?" "मार्च चाललाय, दादा. मिरची एप्रिलात हलते." दुपारी मावशी पुढ्यात कुळथाची पिठी आणि भात ठेवत. आठवड्याभरात मामा स्टुलावर टेकून जेवू लागले, ही बातमी आमच्या घरात कुणाला खरी वाटली नाही.

तरी ते उणे त्यांना बघवेना. एक दिवस त्यांनी गुपचूप आपल्या बचत खात्यातले पन्नास हजार त्यात भरले. मावशींना वाटलं, परळच्या खानावळवाल्याने जुनी बाकी चुकती केली. खात्यात जागा झालेली पाहून त्यांनी आणखी मिरची घेतली. उणे पुन्हा होतं तिथे. मामांनी पुन्हा भरले. पोती माळ्याला टेकली. शेवटी मावशींनी बँकेत विचारलं. मी मसाला आणायला गेलो होतो, तेव्हा दुकानात हे चाललं होतं :

"खरं सांग, पैसे तू भरतोस?"

"थोडे."

"आणि मी समजतेय खानावळवाला सुधारला! अरे, तू पैसे भरतोयस आणि मी मिरची भरतेय. एवढी आता विकू कुठे, तुझ्या डोक्यावर?"

"उणं दिसत होतं गं."

"तूच म्हणालास ना, लाज कसली?"

मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, काउंटरच्या या बाजूने ते वेगळं दिसतं हो."

दुसऱ्या दिवशी ते पिशवीत मिरचीचे नमुने घेऊन निघाले. गिरगाव, माझगाव, दादर, वडाळा. ज्यांना ज्यांना त्यांनी ओव्हरड्राफ्ट मंजूर केला होता, त्या प्रत्येकाच्या दारात गेले. लोकांनी मिरची घेतली. ओव्हरड्राफ्टचा अर्थ पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून बरेच जण दोन किलो जास्तच घेत. मे संपता संपता मावशींचं खातं शून्यावर आलं, मामांचे भरलेले पैसे आणि तारण ठेव सुटली आणि दुकान राहिलं. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मामांनी मात्र लालबागला जाणं बंद केलं. मावशींनी फोन केला तर म्हणाले, "खातं चुकतं झालं ना, आता कशाला येऊ?" परवा आमच्याकडे आले. बसले नाहीत. घड्याळ सरळ केलं, खिडकी उघडली, लावली. निघताना चपला शोधत हळूच म्हणाले, "दिवाळीआधी तिला खोबरं-धणे भरायला काही लागेल का हो? मी कसं विचारणार? तुम्ही विचारा."

मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "पैसे लागत नाहीत हो. पण दादाला 'लागतात' म्हणून सांगा."