पिक्चरचा उरलेला भाग

"थांबा, घोडा येतोय!" असं म्हणून तो टेबलावर बोटांनी टापा वाजवायचा. आधी लांबून, मग अगदी जवळून. आमच्या महाडच्या कचेरीतले सगळे कारकून हातातलं काम टाकून दाराकडे बघायचे. मीसुद्धा बघायचो, आणि त्याचाच मला राग यायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, की तो बोलायला लागला म्हणजे तुमची गोष्ट अर्ध्यावरच राहते. हा आमच्याच कचेरीतला कारकून, रोज पोलादपूरहून एस.टी.नं यायचा. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की दुपारचा खेळ बघायचा आणि परतीच्या गाडीला वेळ असला की आमच्याकडे चहाला टेकायचा.

एकदा टॉकीजला इंग्रजी पिक्चर आला. उजाड माळ, घोडे, बंदुका. पिक्चर इतका लांबलचक, की मालकानं तो दोन शनिवारांना वाटून लावला. पहिला भाग बघून हा आला आणि आमच्या ओटीवर पिक्चर पुन्हा सुरू झाला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. त्याचे गोरे दरोडेखोर पोलादपुरी बोलत.

"घोडा सोड, नाय तर हाय तिथंच गाडीन तुला!"

माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसल्याचं मला आठवेना.

"मग, भावजी?"

"मग काय वहिनी! थोरल्या भावानं धाकट्याच्या छातीवर बंदूक रोखली आणि पडद्यावर पाटी आली. उरलेला पुढल्या शनिवारी!"

आठवडाभर ती मला विचारत होती, "सख्ख्या भावाला मारेल का हो तो?"

पुढल्या शनिवारी मीच तिला टॉकीजला नेलं. नेमका तो त्या दिवशी कचेरीत आला नव्हता. मला बरंच वाटलं. पडद्यावर थोरल्यानं बंदूक टाकली आणि दोघं भाऊ एकाच घोड्यावरून निघून गेले. बाहेर पडताना मी विचारलं, "कसा वाटला?"

"बरा होता," ती म्हणाली. "पण भावजींनी सांगितला तसा नव्हता."

सोमवारी कचेरी सुटल्यावर तो माझ्याबरोबरच घरी आला. "आई बरी नाय, म्हणून पिक्चर हुकला. धाकट्याचं काय झालं?"

मी सांगायला लागलो. दोन वाक्यांत माझा पिक्चर संपला. तेव्हा बायको स्टोव्ह बारीक करून बाहेर आली आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं, उडणाऱ्या धुळीसकट. तो तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. दोघांचाही हेवा वाटावा असं ते दृश्य होतं.

"मारला नाय ना? बरं झालं," तो म्हणाला. "आई अंथरुणाला खिळलीय. मी पिक्चर बघतो ते तिला सांगायला. सारखी विचारतेय."

त्या उन्हाळ्यात त्याची आई गेली. आम्ही दोघं पोलादपूरला भेटायला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. शेजारची बाई बायकोला म्हणाली, "म्हातारी आमाला घोड्यांची गोष्ट सांगायची गो. पण म्हनायची, माज्या ल्योकासारखी मला सांगता येत नाय."

त्यानंतर शनिवारी तो सरळ स्टँड गाठू लागला. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, बोलवा ना त्यांना."

मी गेलो. तो गाडीत खिडकीशी बसला होता.

"चल, नवा पिक्चर लागलाय," मी म्हणालो.

"आता बघून सांगू कोनाला?"

"आम्हाला."

तो हसला, पण उतरला नाही. गाडी सुटली. पुढच्याच महिन्यात त्याची बदली झाली.

त्या शनिवारी स्टँडवरून मी एकटाच घरी परतलो तेव्हा बायको दारात उभी होती. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. माझ्या मागून कोणी येतंय का, ते ती बघत होती.