टोळीचा खांदा

उदगीरच्या एका डाळमिलीत पिराजी मुकादमाची बारा हमालांची टोळी होती. पोतं शंभर किलोचं आणि टोळीचा कायदा त्याहून जड. आपल्यातला कुणी गेला तर खांदा टोळीचाच, परक्याचा हात तिरडीला लागायचा नाही. ऐन जवानीत केलेला कायदा तो. तेव्हा मरण कुणाच्या बापाला ठाऊक होतं!

मिल बंद पडून अकरा वर्षं झाली. नंतर आणखी किती बंद पडल्या, ते मोजायचं लोकांनी सोडलंय. पोरं चाकणला, हैदराबादला गेली. गल्लीत उरलं कोण? तर खोकणारे म्हातारे, गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या आणि कुलपं. आठ जणांना पिराजीनं टोळीच्या खांद्यावरून पोचवलं. परवा व्यंकट गेला. राहिले तीन.

व्यंकटचा पोरगा शिवशंकर चाकणहून आला. शहाणं लेकरू, येतानाच नगरपालिकेची मयताची गाडी सांगून आलं. दारात गाडी बघून पिराजीचं डोस्कं फिरलं.

"माणूस हाय का कचरा, गाडीत घालून न्यायला? धाड परत!"

"काका, तुम्ही तिघंच आहात. मला तर मडकं धरून पुढं चालायचंय."

शेजारचे दोघं पुढं झाले, तर त्यांनाही पिराजीनं हात लावू दिला नाही. असला अडेलतट्टू! पण व्यंकटला शब्द दिला होता, आणि पंचाहत्तरीत त्याच्याकडं शब्दाशिवाय दुसरं होतं तरी काय?

तेवढ्यात व्यंकटची बायको कस्तुराबाई पदर खोचून उठली. "त्याच मिलीत तीस वरसं डाळ पाखडली म्या. मी परकी हाय का?"

बाया कुजबुजल्या. पिराजी बाजूला सरकला.

निघाले. पुढं पिराजी आणि कस्तुराबाई, मागं टोळीतले उरलेले दोघं, हणमंतराव आणि गुरुपादप्पा. व्यंकट कसला हलका झाला होता! पोतं पाठीवर घेऊन गाणी म्हणणारा गडी, आता अर्ध्या पोत्याचाही नव्हता. पिराजीला रडू आलं, रागही आला. एवढंसं ओझं, तरी मेले पाय का थरथरतात?

"मुकादम, जरा टेकवू," मागून हणमंतराव धापा टाकत म्हणाला. त्याला दमा.

"न्हाई. आलंच आता."

कुठलं आलंय! अजून रेल्वे फाटकसुद्धा यायचं होतं. वीसेक पावलं गेले आणि पिराजीचाच गुडघा मुडपला. तिरडी कलली, कस्तुराबाई किंचाळली. मागून कुणीतरी धावत येऊन दांडा झेलला. गाडीचा ड्रायव्हर होता तो. शिवशंकरनं गाडी परत धाडलीच नव्हती, ती हळूहळू मागून येत होती. मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, म्हणून बिचारा पाठमोराच उभा राहून रडत होता.

ओझं उतरवा म्हणायचा हक्क मुकादमाचा.

पिराजी रस्त्यावर बसूनच म्हणाला, "घाला गाडीत."

तिरडी आत सरकवून ड्रायव्हरनं दार लावलं. पिराजीनं त्याची बाही धरली.

"तुझा नंबर लिहून दे रं. माझ्या पोराला कळवून ठेवतो."