शेवटच्या बांधीला आधी पाणी

आमच्या भूगोलाच्या मॅडम व्हरांड्यात दिसल्या की आम्ही पुस्तक काढायचो नाही, चपला घालायचो. त्यांचा तास बहुतेक वेळा बाहेरच व्हायचा. साडीवर बूट घालणारी बाई मोहाडीजवळच्या आमच्या गावाने त्यांच्याआधी पाहिली नव्हती.

"तिकडे" हा शब्द त्यांना अजिबात चालत नसे. तलाव तिकडं आहे असं कुणी म्हटलं की लगेच, "तिकडे म्हणजे? दिशा सांग, पावलं सांग." वर्गातल्या प्रत्येकाला आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं पडतं ते पाठ होतं. माझं बावन्न.

माझे बाबा सायकलने वरठीला मजुरीला जातात. मी चिखलाने भरलेले पाय घेऊन घरी आले की ते म्हणायचे, "शाळेत पाठवलं का बांध्या मोजाले? भूगोल शिकून का होते?" एकदा भीत भीत मी हे मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. "बाबांना म्हणावं, चार माणसांना नीट विचारता आलं आणि ऐकलेलं नीट लिहिता आलं, की पोरगी कुठंही कामाला लागेल."

लिहिता मला येत होतं. विचारणं मात्र जमत नव्हतं. अनोळखी माणसासमोर माझा आवाजच निघायचा नाही, म्हणून गटात मी नेहमी वही धरायचे.

नववीत आमच्या गटाकडे गावतलावाचा नकाशा आला. तलावाचं पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या कोणत्या शेताला, कितव्या क्रमाने जातं ते दाखवायचं होतं. मी घरी बसूनच बाण काढले. तलावाजवळची बांधी पहिली, मग दुसरी, शेवटची सगळ्यात शेवटी. रंगही छान भरले. मॅडमनी एवढंच विचारलं, "कुणाला विचारलंस?" कुणालाच नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली वही मैत्रिणीला दिली आणि मला पाणकरबाबांपुढे उभं केलं. गावात पाणी वाटून देण्याचं काम त्यांचं.

"कोनाची वं तू?"

मी सांगितलं, पण मलाच ऐकू आलं नाही.

"बापाचं नाव का चोरून आनलं? मोठ्यानं सांग ना!"

मग त्यांनी नकाशा पाहिला आणि पोट धरून हसले. "उलटं लिवलं न पोरी! आपल्या गावात शेवटच्या बांधीले पयले पानी. जवळच्याले तं पाझरूनही भेटते. त्यानंच पयले घेतलं, तं शेवटच्याले का भेटन?"

माझे डोळे भरून आले. मी नवा कागद मागितला, पण मॅडमनी दिला नाही. "यावरच खोड. चूक दिसू दे." मी बाण खोडले. मग काय झालं कोण जाणे, मी आपणहून विचारलं, "आन बाबा, कोनी ऐकलं नाही तं?" पाणकरबाबा माझ्यासाठी सरकून बसले आणि सांगायला लागले.

आमची दहावी झाली आणि मॅडमची बदली लाखांदूरला झाली. निरोपाच्या दिवशी वर्गातर्फे मला बोलायचं होतं. मी उठले, उभी राहिले आणि खाली बसले. एसटीत चढताना त्या म्हणाल्या, "भाषण नाही जमलं तरी चालते. विचारणं सोडू नको."

आज मी भंडाऱ्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून इथवर आलेली मी पहिलीच. यंदा सुट्टीत एका संस्थेचं जुन्या तलावांची माहिती गोळा करण्याचं काम निघालं होतं. निवडीसाठी संस्थेच्या लोकांनी गुण विचारले नाहीत. एका अनोळखी गावात सोडलं आणि संध्याकाळपर्यंत माहिती आणा म्हणाले. पहिल्या दारासमोर मी बराच वेळ नुसती उभी होते. परत जावंसंही वाटलं. शेवटी "काकू" अशी हाक मारली. संध्याकाळी निवड झाल्याचं कळलं.

मी मॅडमना फोन लावला आणि सांगत सुटले. त्या काकू, त्यांची सून, तलावाची फुटलेली पाळ, आता गावात तलावावरून कोण कुणाशी बोलत नाही, सगळं. पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कटला असं वाटलं.

"मॅडम, ऐकून राहिल्या ना?"

"ऐकून राहिली. इतक्या वर्षांनी बोलून राहिलीस, मधे कशाला बोलू?"