बोटभर फट

गल्लीच्या टोकाला टायरचं दुकान होतं आणि तिथल्या फिटरला सगळे बोटमास्तर म्हणत. गाडीला रुंद टायर घातले की पुढच्या चाकांत एक अडचण येते. टायरची आतली कड शॉकॲब्सॉर्बरवरच्या स्प्रिंगच्या वाटीला चिकटायला बघते. सरळ रस्त्यावर जाणवत नाही. वळणावर टायर दबतो, पोट बाहेर काढतो आणि वाटीच्या पत्र्यावर घासतो. म्हणून मधे फट हवी. मास्तरची पद्धत ठरलेली होती: गाडी जॅकवर घ्यायची, चाक हळूहळू फिरवायचं आणि फटीत तर्जनी धरायची. बोट कुठेच अडलं नाही तर गाडी पास.

"मोजपट्टी वाचायला चष्मा लागतो," तो म्हणायचा. "बोटाला लागत नाही."

मधे पोटाच्या दुखण्यानं त्याला अंथरुणाला खिळवलं. उठला तो निम्मा होऊन. शेजारचा वेल्डर त्याचा जुना दोस्त. दोघं वर्षानुवर्षं हातमोज्यांची एकच जोडी वापरत आलेले. तो म्हणाला, "अरे, तू वजनकाट्यावर चढलास तर काटा विचारेल, कोणी आहे का?" मास्तर हसला. बायकोनं त्याचे शर्ट उसवून आत घेतले, पट्ट्याला नवं भोक पाडलं आणि तो कामावर गेला.

त्यानंतर जावयानं रुंद टायरचा हट्ट धरला. मुलीला ते पटत नव्हतं. "गाडी काय प्रदर्शनात उभी करायचीय?" मास्तरनंच तिची समजूत काढली, टायर स्वतः बसवले, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बिनधास्त जा."

घाटातल्या वळणावर पुढचा टायर फुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. चालवणाऱ्या जावयाचं खरचटण्यावर निभावलं. मुलीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर ती एवढंच बोलली, "मी हळू चालवा म्हणत होते." त्यानंतर तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही. बरी झाल्यावर माहेरीच राहणार, असं आईला सांगून टाकलं.

मोडलेली गाडी दुकानात आली. फुटलेल्या टायरच्या आतल्या अंगाला एक खोल, गोल चर पडलेला होता. मास्तरनं दुसऱ्या, शाबूत चाकाच्या फटीत बोट घातलं. ते सहज फिरलं.

"बघ. फट आहे."

वेल्डरनं हातमोजा काढला आणि आपलं बोट घातलं. ते पहिल्या पेरापाशीच अडलं. त्यानं पुन्हा घालून पाहिलं. मग मास्तरचा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला.

"सारखी होती रे आपली बोटं," तो म्हणाला.

मास्तर तसाच इस्पितळात गेला. जावई खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. त्याला आत जाऊ देत नव्हते. मास्तर मुलीच्या पलंगाशी उभा राहिला.

"टायर वेगानं नाही फुटला गं. माझं बोट बारीक झालंय. त्याच मापानं मी फट ठेवली, ती कमी पडली."

मुलीनं दाराकडे पाहिलं. "त्यांनी पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही गं. वेल्डरला विचार हवं तर."

"बाबा, माझा संसार टिकावा म्हणून खोटं बोलू नका. तुमचं बोट चुकत नाही. लहानपणापासून ऐकतेय मी."

त्यानं बोट तिच्यासमोर धरलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अहो, पुरे झालं," बायको म्हणाली. "त्या माणसाला किती पाठीशी घालाल? पोरीला झोपू द्या."

तो बाहेर आला तसा जावई उठून उभा राहिला. मास्तरनं त्यालाही सगळं सांगितलं, अगदी वेल्डरच्या बोटासकट. जावयानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुम्ही माझ्यासाठी एवढं बोललात, बाबा," तो म्हणाला. "पण वेग माझाच जास्त होता."