भाऊजींची विलायती आवृत्ती

शेजारच्या गावाला कळायच्या आधी विलायतेला बातमी कळवायची घाई असलेला वर्तमानपत्रवाला सबंध वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. अमरावतीत भाऊजींचा शिळाछापखाना होता. छापखाना म्हणजे काय, तर एक खोली, तिच्यात एक जाड दगड, एक कुरकुरणारं लाकडी यंत्र आणि भिंतीपासून माणसांपर्यंत सगळीकडे शाई. चिकट शाईनं कागदावर सुवाच्य लिहायचं, तो कागद दगडावर उलटा दाबायचा आणि मग त्या दगडावरून प्रती काढायच्या. त्यातलं सुवाच्य लिहिण्याचं काम माझं. मी शाळामास्तर, अक्षर बरं. त्यामुळे भाऊजींनी अक्काशी लग्न केलं ते माझ्या अक्षरावर डोळा ठेवून, असा मला पुष्कळ दिवस संशय होता. अक्काला तो अजून आहे.

पत्र शनिवारी निघायचं, म्हणजे निघायचं ठरलेलं असायचं. हवेत जरा दमटपणा आला की दगड रुसे आणि मंगळवार उजाडे. वर्गणीदार अर्धे अमरावतीचे, अर्धे अकोल्याचे. अमरावतीकर म्हणत, अकोल्याच्या बातम्या कशाला छापता? अकोलेकर म्हणत, अमरावतीला बातमी म्हणावं असं घडतं तरी काय? दोन्हीकडची बोलणी खाऊन भाऊजी एके दिवशी मला म्हणाले, "मास्तर, या दोन गावाले आपली किंमत नाही. आपण बाहेर गेलं पाह्यजे." मला वाटलं, नागपूरला म्हणतायत. ते विलायत म्हणत होते.

तो काळच तसा होता म्हणा. तिकडे अमेरिकेत उत्तर-दक्षिणेची भाऊबंदकी पेटली होती, तिथला कापूस अडकला होता आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. भाव असे चढले की कालपर्यंत अंगभर पंचा न मिळालेला माणूस बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागला. भाऊजींनी अमेरिकेतल्या त्या दोन भावांना उद्देशून अग्रलेख लिहिला. शेत मोजून घ्या, वाटण्या करा, पंचांचं ऐका, असा सगळा उपदेश केला आणि शेवटी 'मात्र घाई करू नये, आमचा हंगाम बरा चालला आहे,' असं मनमोकळेपणानं जोडून दिलं. अक्कानं तो वाचून घेतला आणि ताट वाढता वाढता म्हणाली, "लोकं मरून राह्यले तिकडे, आन तुमी भाव पाहून राह्यले. जेवण जाते कसं तुमाले?" भाऊजी खरोखरच जेवले नाहीत. पुढच्या अंकापासून कापसाच्या छापील भावाच्या वर एक ओळ यायला लागली, 'अमेरिकेत ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखात आम्ही आहोत.' ती ओळ लढाई संपेपर्यंत कधी चुकली नाही. भाव चुकायचा, ओळ नाही.

तर विलायती आवृत्ती. ती पाठवायची कशी, हा प्रश्न भाऊजींनी असा सोडवला की ऐकून मी लेखणीच खाली ठेवली. त्या वेळी कापूस गोणपाटाच्या मोठाल्या बोऱ्यांत पायांनी तुडवून भरत आणि तोंड शिवून टाकत. तो बोरा अकोल्याहून मुंबईला आणि मुंबईहून बोटीनं थेट विलायतेला. भाऊजी काखेत अंकांची चळत घेऊन बाजारात जायचे, शिवणाऱ्याला थांबवायचे, घडी केलेला एक अंक हळूच आत सारायचे आणि वरून थोपटून म्हणायचे, "जाय बापू, सांभाळून जाय." टपालाचा खर्च नाही, काही नाही. शेतकरीही हरकत घेत नसत, कारण कापसाबरोबर आपलं नाव जातंय हे त्यांना आवडे. भाऊजींचा बाणाच तो होता. "मास्तर, कापूस बिननावाचा काहून जावा? ज्याच्या अंगावर धोतर येईन त्याले समजलं पाह्यजे, कोणाच्या वावरातलं हाये!" मग कोणाचा कापूस, कोणत्या गावचा, वेचणीला कोण होतं, हे सगळं पत्रात. एका गृहस्थानं बैलाचं नाव घालायला लावलं. घातलं. बैल मेला तेव्हा विलायतेला तेही कळवलं.

"पण भाऊजी, विलायतेत मराठी वाचणार कोण?" मी विचारलं.

"आपल्याकडे इंग्रजी कोण वाचते? तरी साहेबाचं चाललं हाये नं?" ते म्हणाले. मी कपाळावर हात मारला आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

'विलायतेतील वाचकांस' या सदरात ते तिकडच्या विणकरांशी घरच्यासारखे बोलत. तुमच्याकडे थंडी फार असते असे ऐकतो, कान बांधून बसावे. अंबाडीची भाजी मिळत असल्यास कण्यांबरोबर खावी, मिळत नसल्यास कळवावे. पत्राच्या माथ्यावर त्यांनी मला लिहायला सांगितलं, 'हे पत्र अमरावती, अकोला व विलायत येथे वाचले जाते.' मी साफ नाही म्हणालो. शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगतो, तो मी हातानं खोटं कसं लिहू? आमची चांगलीच जुंपली. शेवटी 'वाचले जाते'ऐवजी 'जाते' असं लिहिलं. जात होतं हे खरंच होतं. वाचणारा एक तरी निघावा म्हणून मात्र भाऊजींचा जीव तुटायचा. टपालवाला रस्त्यानं दिसला की ते ओट्यावर येऊन उभे राहायचे आणि तो पुढे गेला की उगीच आभाळाकडे बघायचे.

नांदगाव पेठेची गोदामाय ही या पत्राची सगळ्यात कडक वाचक. म्हणजे तिला वाचता येत नव्हतं, पण ती आपल्यापुरतं वाचून घ्यायची. नवरा गेल्यावर काळ्या मातीचं वावर तिनं एकटीनं सांभाळलं होतं. त्या तेजीत मोठमोठे लोक कापसात गोटे घालत, पाणी मारत; गोदामाय मात्र पोत्यावर बसून वाळक्या पानाचा कण न् कण वेचून काढायची. भाऊजींनी तिच्याबद्दल लिहिलं, 'नांदगावच्या गोदामायच्या कापसाला हात लावणाराने आधी हात धुवावे.' मी ते वाचून दाखवलं तेव्हा तिनं "कुठी हाये माहं नाव?" म्हणून विचारलं, त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. बोटाला शाई लागली ती तशीच घेऊन घरी गेली.

भेसळीचा भाऊजींना मनापासून संताप. वऱ्हाडच्या कापसाचं नाव खराब होतंय म्हणून त्यांनी एक जळजळीत अग्रलेख लिहिला. 'कापसात कापसावाचून दुसरे काडीभर जरी निघाले, तरी तो माल खुशाल जाळावा, मग तो कोणाचाही असो!' पुढे सरकारनं अकोल्याला तपासणीसाठी एक साहेब नेमला तेव्हा तो आपल्याच अग्रलेखामुळे आला, असं भाऊजी बाजारात सांगत फिरले. आणि एका दुपारी गोदामायचा गाडीवान धापा टाकत छापखान्यात आला. "म्हाराज, अकोल्यात मायचा माल धरला. बोऱ्यात कागद निंघाला म्हनते. चार-पाच दिसात जाळतीन."

भाऊजींच्या हातातला कागद खाली पडला. ते उठले, बैलांची दमणी जुंपायला सांगितली आणि अंगावरच्या शाईच्या सदऱ्यानिशीच बसले. अकोल्यापर्यंत हा माणूस बोलला नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडाला वैतागलेला, पण त्या वाटेवर त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून माझा जीव कासावीस झाला.

अकोल्याच्या बाजारात गोदामाय आपल्याच बोऱ्यांवर बसून होती. वर्षाचा सगळा कापूस तो, पण कापसापेक्षा तिला लागलं होतं ते आजूबाजूचं कुजबुजणं. जिनं कधी पान राहू दिलं नाही तिला लोक भेसळवाली म्हणत होते. समोर टेबल मांडून साहेब आणि त्याचा कारकून. हुकूम तयार होता, सहीच काय ती राहिली होती.

साहेबानं अंक वर धरला. "हा कागद कोणाचा?"

आणि काय सांगू, आमच्या भाऊजींचा चेहरा उजळला! "माहाच! वाचला साहेबानं? कसा वाटला?"

मी त्यांचा सदरा मागून ओढला. साहेबानं कारकुनाला खूण केली आणि कारकून मोठ्यानं वाचू लागला. देवाची करणी अशी, की अंक नेमका तोच. 'काडीभर जरी निघाले, तरी तो माल खुशाल जाळावा, मग तो कोणाचाही असो!' बाजार खो खो हसला. भाऊजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शेजारी उभा असलेला एक अडत्या त्यांच्या कानाला लागला, "हमालानं टाकला म्हना नं. हमाल पळून गेला म्हना. बाई बी सुटते, तुमी बी सुटता."

भाऊजींनी एकदा अंकाकडे पाहिलं, एकदा गोदामायकडे. मग टेबलाजवळ गेले.

"साहेब, हमालानं नाही, मीच टाकला. अग्रलेख बी माहाच. या बाईच्या बोऱ्यात तिच्या हातचा फक्त कापूस हाये, आन असा चोख कापूस तुमाले वऱ्हाडात दुसरा सापडाचा नाही. जाळाचंच असन तं माहा छापखाना जाळा."

साहेबानं त्यांच्या शाईच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, माल सोडतो. पण बाजारातल्या सगळ्या बोऱ्यांतले कागद तुम्ही स्वतः काढा, आणि पुन्हा एक जरी निघाला तरी छापखाना जप्त. भाऊजींनी मान हलवली. हमाल टाके उसवत गेले आणि ज्या हातांनी थोपटून अंक आत सारले होते, त्याच हातांनी ते एकेक बाहेर काढत गेले. प्रत्येक अंकाची घडी नीट करून माझ्या हातात देत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

गोदामायचा बोरा शेवटी आला. टाके पुन्हा घालून झाले तरी ती हलेना. शेजारी एका व्यापाऱ्याच्या मालावर काळ्या शाईनं खूण काढलेली होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "म्हाराज, कागद आत चालत नाही. पन वरून तं लेहता येते नं?"

भाऊजींनी साहेबाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, खुणेला हरकत नाही. व्यापाऱ्याकडून शाई आणि कुंचला आला. भाऊजींनी कुंचला माझ्या हातात दिला. अग्रलेख आवरता आवरत नसलेला हा माणूस, पण गोणपाटाकडे बघून त्यांनी तिथल्या तिथे मोजकंच सांगितलं आणि त्यांचं एकही वाक्य न खोडता मी आयुष्यात पहिल्यांदा लिहून घेतलं, 'नांदगावची गोदामाय. कापूस चोख आहे. वाचणारास नमस्कार.' विलायती आवृत्तीचा तो शेवटचा अंक. परत आल्यावर भाऊजींनी वाळूनं घासून दगडावरचं 'विलायत' काढून टाकलं आणि पत्राच्या माथ्यावर फक्त अमरावती आणि अकोला राहिलं.

पुढे अमेरिकेतलं भांडण मिटलं आणि आमचे भाव धाडकन खाली आले. चांदीच्या शेंब्या उतरल्या. अक्कानं मात्र "मिटलं बाई एकदाचं" म्हणून देवापुढे साखर ठेवली, आणि जाहिराती बंद पडलेल्या भाऊजींनी ती मनापासून खाल्ली. पत्र कधी निघे, कधी नाही. रेल्वे आली, आणि तिच्यातून विलायती मांजरपाटाचे तागेच्या तागे अमरावतीच्या दुकानांत यायला लागले. भाऊजींना नवा नाद लागला. दुकानात शिरायचं, तागा उलगडायला लावायचा आणि काठावर गिरणीचा शिक्का असे तो डोळ्यांजवळ नेऊन बघायचा. दुकानदार चिडायचा. "घ्याचं नाही तं उलगडता कायले?"

"उत्तर आलं का पाहून राह्यलो," भाऊजी म्हणायचे. लोकांना वाटे, म्हातारा चळला.

पुढे त्यांची दृष्टी गेली तेव्हा मी हात धरून घेऊन जायचो. एकदा असंच त्यांनी कापड चाचपलं, शिक्क्याचा खरबरीतपणा बोटाला लागला, आणि ते तिथेच थांबले. "मास्तर, पाह्य बरं. काही लेहलं हाये."

मी पाहिलं. इंग्रजीत गिरणीचं नाव होतं आणि कापडाची लांबी. मी उभ्या जन्मात त्यांना एक खोटा शब्द लिहू दिला नव्हता. भाऊजींचं बोट शिक्क्यावर होतं आणि चेहरा माझ्याकडे.

"हो भाऊजी," मी म्हणालो. "लिहिलंय. गोदामायचा कापूस पोचला. चोख निघाला. तुमचा नमस्कारही पोचला."

त्यांनी हळूच कापडाची घडी केली, अगदी अंकाची करायचे तशी, आणि म्हणाले, "मंग इथं उभा काहून? जाय, गोदामायले सांगून ये."

मी नांदगावला गेलो. गोदामाय ओसरीवर कापूस निवडत बसली होती, पार वाकलेली. मी सांगितलं. तिनं हातातलं पान बाजूला टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "निंघनच चोख. मी वेचला होता तो. पन म्हाराजाले सांगजा, माहाबी उलटून नमस्कार सांगा म्हनून त्या विलायतेच्या लोकाइले."