बडीशेपेच्या वासाची अळी

हे कुणाला सांगायचं नाही, अशी काकानं मला शपथ घातलीय. पण तुम्ही काही बाहेर बोलणार नाही ना? मग ऐका. फजिती माझीच आहे.

सुदामकाकाला गळ टाकायचं वेड. गळाला लावायला तो रबरी अळ्या आणतो. मासे त्या कुरतडतात. ते तुकडे मी जुन्या डब्यात वितळवते, प्लास्टरच्या साच्यात ओतते, की नवी अळी तयार! रंग माझे. पाठीला ताईच्या लग्नातली हिरवी आयशॅडो, पोटाला पिवळा, वर सोनेरी चमकी. माशाला भुलवायला बडीशेपेचं तेल. काका वाशिंदच्या मित्रांना सांगतो, "परदेशी माल हाय!" त्यांना खरं कळू नये म्हणून ती शपथ.

एकदा उन्हात चमक कशी दिसते ते बघायला मी एक नवी अळी भाताच्या रोपावर ठेवली. आणि विसरले!

दुपारी बाबा धावत आले. "अगो, रोपावर कसली अळी पडलीय! सोन्यावानी चमकते. आसा रंग जन्मात नाय बघितला!"

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? पण माझं इतकं कौतुक कुणी केलंच नव्हतं हो! वाटलं, अजून थोडं बोलू दे.

बाबांनी औषध मारलं. अळी मरेना. "दगडानं ठेचली तरी फुटत नाय!" फोटो गावच्या ग्रुपवर गेला. तासाभरात डोळखांब गावाहून निरोप, "आमच्याकडं तर कालपासून हाय!"

कालपासून? मी तर आज सकाळी बनवली होती!

दुसऱ्या दिवशी कृषी खात्याच्या नव्या मॅडम आल्या. अर्धं गाव बांधावर. सगळं रोप उपटून जाळायचं ठरलं, तर लावणी कशाची करणार? खरं सांगायला हवं होतं. पण अनोळखी माणसासमोर माझं तोंडच उघडत नाही. त्यात मागून काका डोळे वटारत होता.

मॅडमनी अळी चिमट्यात लांब धरली, हुंगली. "बडीशेपेचा वास येतोय!"

"जेवून आली आसंल," काका घाईनं म्हणाला.

"धोका नको. उपटा." बाबांनी पहिली मूठ उपटलीसुद्धा. तेवढ्यात मॅडम पुटपुटल्या, "शी! काय भडक रंग आहे!"

"भडक नाय!" मी ओरडले. "पाण्यात बुडवून बघा, मरळ मासळी येडी होते! तीन वेळा रंग बदलून बनवलीय मी!"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग काकाकडं, मग हातातल्या मुठीकडं. आणि खाली बसून ती मूठ हळूच परत चिखलात खोचायला लागले.

आता गावात म्हणतात, तनूनं धीर करून खरं सांगितलं, रोप वाचवलं. तुम्हाला म्हणून सांगते, त्या क्षणी रोप माझ्या ध्यानातही नव्हतं, मला फक्त माझ्या रंगाचा…

"अगो तनू! मॅडमचा फोन हाय! त्यांच्या नवऱ्याला मरळीसाठी तसल्याच दोन भडक अळ्या पायजेत!"

आले, बाबा! पण त्यांना आधी सांगा, भडक नाय ती, ती फक्त उन्हात जरा…