वाटणीची गोळी

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहते. कपड्यांच्या कारखान्यात ती कापड कापते, म्हणून सगळे तिला कटरबाई म्हणतात. जीभही तशीच धारदार आहे, पण तो वेगळा विषय.

तिचं काम येरागबाळ्याचं नव्हे. लांब टेबलावर कापडाचे साठेक थर एकावर एक अंथरायचे, वर खाका ठेवायचा, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा चढवायचा आणि उजव्या हाताने विजेचं उभं पातं रेघेवरून न्यायचं. पातं केसभर सरकलं तर एक सदरा नव्हे, साठ सदरे वाया. त्या टेबलापर्यंत पोचलेली कारखान्यातली ती पहिली बाई. बटणं लावत लावत, पुरुषांचे टोमणे खात ती तिथवर आली होती.

पन्नाशी उलटली, पाळी थांबली, आणि वर्षभरात तिच्या अंगाने दावा साधला. काही कारण नसताना छातीतून आग उसळायची, मानेवरून डोक्यात जायची, मग घामाची धार थेट डोळ्यांत. रात्री अंथरूण ओलं, झोपेचं खोबरं. आणि एक दिवस डोळ्यांत घाम उतरला, तिने पापणी मिटली आणि साठ कॉलरींचा निकाल लागला.

मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गोडीगुलाबीने सांगितलं की बाई, आता वय झालं, बसून धागे कापा. टेबलावर त्याने मेव्हण्याला उभं केलं. मेव्हण्यांचं वय कधी होत नाही.

कटरबाई त्या रात्री जेवली नाही. टेबल परत मिळवायचंच, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

त्या घराचा एक कायदा आहे. दोघी जावा, चूल एक, आणि जे येईल ते निम्मंनिम्मं. साबणाची वडीसुद्धा सुरीने दोन करतात. मोठ्या जावेची गर्भपिशवी गाठींमुळे काही वर्षांपूर्वी काढली होती आणि तिला असाच त्रास होऊ लागल्यावर डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या होत्या. धाकटी घामाने निथळताना बघून तिला राहवलं नाही. तिने कात्री घेतली, गोळ्यांची पट्टी मधोमध कापली आणि अर्धी धाकटीच्या उशाशी ठेवली. कमी पडल्या तर दुकानदार ओळखीचा. तो चिठ्ठी न बघता आणखी देई. एकाच घरातल्या दोघी, एकच दुखणं, मग औषध वेगळं कशाला, असा साधा हिशेब. यात माया होती, ते नाकारत नाही. अक्कल नव्हती.

गोळ्यांनी काम मात्र केलं. काही आठवड्यांत घाम ओसरला, झोप लागू लागली. चार-पाच महिने असेच बरे गेले. आता मालकाला गाठायचं, असं तिने ठरवलं, आणि त्याच सुमारास तिच्या कपड्यांवर डाग दिसला. ती वर माझ्याकडे आली ती हसतच.

"मावशी, गेलेली पाहुणी परत आली. काहीतरी विसरून गेली असेल."

मला हसू आलं नाही. पाळी कायमची गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी डॉक्टरकडे जायचं असतं, यात थट्टा नाही. पोटात काय काय घालतेस, हे मी खोदून विचारलं तेव्हा वाटणीची भानगड बाहेर आली. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही जावांना पुढे घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण गुळमुळीत बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आधी मोठीला फैलावर घेतलं. मग समजावलं. इस्ट्रोजेनने गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढतं. मोठीला पिशवीच नाही, म्हणून तिला ती एकटी गोळी चालते. धाकटीला पिशवी आहे. तिला त्या अस्तराला आवर घालणारं दुसरं औषध, प्रोजेस्टेरॉन, सोबत हवंच. ते न घेता एकटं इस्ट्रोजेन घेत राहिलं तर पुढे कर्करोगाचाही धोका वाढतो.

मोठी तिथेच रडू लागली. गोळ्या त्या दिवशीच बंद झाल्या. सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासायला गेला. निकाल येईपर्यंत कटरबाई धागे कापत होती, पुन्हा घामाने भिजत होती, आणि मेव्हणा तिच्या देखत बाह्या वाकड्या कापत होता.

निकाल चांगला आला. अस्तर थोडं वाढलं होतं, वाईट काही नव्हतं. ते औषधाने ताळ्यावर आणून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. मग म्हणाल्या, आता हवं तर नीट उपचार सुरू करू.

घरात मात्र वेगळंच ठरलं होतं. नवऱ्याने फर्मान काढलं की पुन्हा असली गोळी नको. आमच्या आईने सोसलं, तू सोस. मोठी जाऊ तर हातच जोडू लागली.

"माझी शपथ आहे तुला, आता हात लावू नकोस."

"जाऊबाई, गोळी वाईट नव्हती, वाटणी वाईट होती," कटरबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुमच्या आईंच्या हातात विजेचं पातं नव्हतं. सोसायचं असेल तर तुम्ही सोसा, मी कामाला जाते."

मी मध्ये पडले नाही. गरजच नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तिची पुरती उलटतपासणी घेतली. रक्तदाब मोजला. कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, यकृताचं दुखणं, तंबाखू-सिगारेट, सगळं विचारलं. तोंडाने घ्यायच्या गोळीने रक्ताची गाठ होण्याचा धोका थोडा वाढतो, त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल मिळतं, त्यात तो कमी, हेही सांगितलं. पट्टी घामाने सुटेल आणि जेल रोज लावायचं लक्षात राहणार नाही, म्हणून तिने गोळीच घेतली, धोका ऐकून, समजून. भागेल तेवढा कमीत कमी डोस, सोबत प्रोजेस्टेरॉन. पोटरी सुजली, छातीत दुखलं, दम लागला, जीभ जड झाली तर गोळी बंद आणि तडक दवाखाना. पुन्हा डाग दिसला तर दुसऱ्याच दिवशी हजर. शस्त्रक्रियेची वेळ आली तर आधी सांगायचं. आणि गोळी कुणाला द्यायची नाही, सख्ख्या बहिणीलाही.

झोप परत आली तशी कटरबाई मालकासमोर उभी राहिली. तो पुन्हा वयावर आला. तिने वाद घातला नाही. साठ थरांची एक थप्पी मागितली. साऱ्या कारखान्यासमोर तिने ती कापली. मालकाने सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा तुकडा एकमेकांवर ठेवला, फिरवला, पुन्हा ठेवला. कुठे काही बाहेर डोकावेना.

"बरं," तो म्हणाला, "उद्यापासून टेबल तुमचं."

"आजपासून," ती म्हणाली. "पंखा इकडे वळवा. आणि दर वर्षी तपासणीला मला सुट्टी लागेल. कारण विचारलंत तर सांगेन, सगळ्यांदेखत, सविस्तर."

मालकाने कारण विचारलं नाही.